स्ट्रीममधून बरोब्बर २४ बाइट कसे वाचायचे: असिंकला नव्याने आलेल्यांसाठी

दरवर्षी जुलै-ऑगस्टमधे आमच्या बाणेरच्या ऑफिसात कॉलेजमधून नुकतीच बाहेर पडलेली मुलंमुली जॉइन होतात, आणि पहिल्या महिन्यातच कुणाच्या तरी कोडमधे मला ही ओळ दिसते:

डेटा = अवेट रीडर.रीड(२४)

रीडर म्हणजे नेटवर्क कनेक्शनवरून येणारे बाइट वाचून देणारी वस्तू. दिसायला एकदम साधी ओळ आहे, लॅपटॉपवर चालते, टेस्ट पास होतात, रिव्ह्यूमधे पण कुणी अडवत नाही. आणि तरी ती चूक आहे. ह्या एका ओळीत काय चुकतंय आणि तिच्या जागी काय लिहायचं एवढंच मला इथे सांगायचंय, पण नीट, पायरी पायरीने, कारण मला हे कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं आणि त्यापायी चाकणजवळच्या एका कोल्ड स्टोरेजच्या कामात माझ्या दोन रात्री गेल्या. ते खाली येईलच.

उदाहरणं पायथनच्या असिंकआयओमधली (एक काम वाट बघत असताना बाकीची कामं चालू ठेवणारी लायब्ररी) घेतलीत, कारण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. कोडच्या ओळी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत, एडिटरमधे नेहमीसारख्या इंग्रजी अक्षरांत टाका. पायथन ३.११ किंवा त्याच्या पुढचं असेल तर सगळं जसंच्या तसं चालेल.

पायरी १: डोक्यातलं "पॅकेट" काढून टाका

नवीन माणसाच्या मनात चित्र असं असतं की समोरच्याने तीनदा राइट केलं म्हणजे तीन पाकिटं निघाली आणि आपण तीनदा रीड केलं की एकेक पाकीट हातात येणार. टीसीपीमधे, म्हणजे इंटरनेटवर दोन मशीन ज्या नियमांनी बाइट देतात-घेतात त्यात, असं काही नसतं. इंटरनेटच्या नियमांचे जे आरएफसी नावाचे दस्तऐवज असतात त्यातल्या १९८१ च्या आरएफसी ७९३ मधे काय आणि २०२२ मधे त्याची जागा घेतलेल्या आरएफसी ९२९३ मधे काय, टीसीपी अ‍ॅप्लिकेशनला देते ती बाइटची एक सलग धार. क्रम बदलणार नाही आणि मधला बाइट गळणार नाही, ह्याची हमी आहे. तुकडे कुठे पडतील ह्याची अजिबात नाही.

सोसायटीच्या टाकीचं बघा ना. वर टँकरवाल्याने पाणी पाइपने सोडलं का कुणी बादल्यांनी ओतलं, खालच्या मजल्यावरच्या नळाला त्यातलं काही कळत नाही. वर तीन बादल्या ओतल्या म्हणून खाली तीन बादल्याच मोजून पडतील असं होत नाही, धार येते, कधी जोरात, कधी बारीक, कधी मधेच फुसफुस करून थांबते. हंडा किती लिटरचा आहे आणि तो भरला का, हे बघायचं काम नळाखाली उभ्या असलेल्या माणसाचं.

(यूडीपीत एकेक डेटाग्राम सुटा येतो, तिथे हा प्रश्न वेगळा आहे. इथे आपण टीसीपीचंच बोलतोय.)

पायरी २: रीड(२४) चा खरा अर्थ

रीड(२४) म्हणजे "जास्तीत जास्त २४ दे". बफरमधे (आलेले बाइट साठतात त्या जागेत) ५ बाइट पडलेले असतील तर ५ घेऊन लगेच परत येतं, ५०० असतील तर २४ देतं, काहीच नसेल तर काहीतरी येईपर्यंत थांबतं, आणि समोरचा बोलायचं संपवून गेला असेल तर रिकामे बाइट देतं. म्हणजे तो २४ चा आकडा ही वरची मर्यादा आहे. मागणी म्हणून तो कुणी वाचतच नाही, फक्त आपल्याला वाटतं की आपण मागणी केलीये.

मग लॅपटॉपवर का चालतं? कारण तिथे पाठवणारा आणि घेणारा एकाच मशीनवर, लूपबॅकवर, एका वेळी २४ बाइट टाकले जातात ते अख्खेच पलीकडे पोचतात आणि तुम्ही ते लगेच उचलता, तुकडा पडायला कारणच नसतं. म्हणून हा बग ऑफिसात कधी सापडत नाही, तो साइटवर सापडतो.

पायरी ३: साइटवर काय झालं ते जवळून बघा

कोल्ड स्टोरेजमधे तापमानाचे सेन्सर होते, प्रत्येक सेन्सर मिनिटाला एक नोंद पाठवायचा, आणि एक गेटवे त्या सगळ्या नोंदी आमच्या सर्व्हरला एकाच कनेक्शनवर द्यायचा. नोंद २४ बाइटची: २ बाइट नोंदीची सुरुवात ओळखायच्या खुणेचे (हेक्समधे ए५५ए), १ आवृत्ती, १ प्रकार, ४ सेन्सरचा नंबर, ८ वेळ मिलिसेकंदात, ४ तापमान गुणिले १००, आणि शेवटी ४ सीआरसी (बाइट बिघडलेत का ते तपासायचा आकडा). बेरीज करून बघा, बरोब्बर २४.

आठवडाभर सगळं ठीक चाललं. मग एका संध्याकाळी पाऊस, वीज गेली, इंटरनेट गेलं, गेटवेने नोंदी स्वतःकडे साठवल्या आणि लाइन परत आल्यावर सगळ्या एकदम सोडल्या. आता ईथरनेटवर टीसीपीच्या एका सेगमेंटमधे (एका वेळी जाणाऱ्या तुकड्यात) जास्तीत जास्त १४६० बाइट डेटा जातो, लिनक्सवर टाइमस्टॅम्पचा ऑप्शन चालू असतो म्हणून १४४८. ह्या १४४८ ला २४ ने भागा: ६० नोंदी होतात १४४० बाइटच्या आणि ८ बाइट उरतात. म्हणजे ६० नोंदी नीट वाचल्या जाणार आणि ६१ व्या वेळी, पुढचा सेगमेंट अजून आलेला नसेल तर, रीड(२४) च्या हातात पडणार फक्त ८ बाइट.

अनपॅक करताना (बाइटमधून आकडे काढताना) एरर आली असती तर लगेच कळलं असतं. पण आम्ही वर एक ओळ लिहून ठेवली होती, लांबी २४ नसेल तर कंटिन्यू. त्या वेळी ती शहाणपणाची वाटली होती. तिने ते ८ बाइट फेकून दिले, आणि पुढच्या वेळी वाचायला सुरुवात झाली ती ६१ व्या नोंदीच्या पोटातून, वेळेच्या बाइटपासून. आता लांबी पुन्हा २४ च यायला लागली! कुठेही एरर नाही. फक्त तापमानाच्या जागी पुढच्या नोंदीची खूण, आवृत्ती आणि प्रकार वाचले जायला लागले, आणि ए५५ए०१०१ हे चार बाइट चिन्हासकट पूर्णांक म्हणून वाचून १०० ने भागले की येतात उणे १,५२,०८,२८१.५९. उणे दीड कोटी डिग्री. हा आकडा डॅशबोर्डवर बघितला तेव्हा पहिला संशय सेन्सरवर घेतला, दुसरा गेटवेच्या फर्मवेअरवर, तिकडच्या माणसाला रात्री अकराला उठवून वायरी तपासायला लावल्या. बिचाऱ्याची काही चूक नव्हती. सेन्सर बरोबर, गेटवे बरोबर, नेटवर्क पण आपलं काम चोख करत होतं. आणि खूण आम्ही तपासतच नव्हतो, सीआरसी पण नाही, दोन्ही फॉरमॅटमधे असूनसुद्धा.

पायरी ४: रीडएक्झॅक्टली वापरा

दुरुस्ती एका शब्दाची आहे:

नोंद = अवेट रीडर.रीडएक्झॅक्टली(२४)

हा शब्द सलग, सगळा लहान अक्षरांत. हे २४ बाइट जमेपर्यंत परतच येत नाही. ८ आले तर ते बफरमधे ठेवून उरलेल्या १६ ची वाट बघतं, आणि २४ च्या वर आलेले पुढच्या वेळेसाठी जपून ठेवतं. एवढंच.

आणि "वाट बघतं" म्हटल्यावर घाबरायचं कारण नाही, अवेटचा उपयोग इथेच आहे. एक कनेक्शन वाट बघत असताना इव्हेंट लूप (सगळी कामं आळीपाळीने चालवणारा भाग) बाकीच्या दोनशे कनेक्शनचं काम करत असतो. हंडा नळाखाली लावला, भरेपर्यंत गॅसवर चहा ठेवला, इतकं साधं आहे ते. फक्त ह्याच फंक्शनमधे कुणी टाइम.स्लीप टाकला किंवा साध्या सॉकेटचं अडवून धरणारं रिसीव्ह वापरलं तर सगळी दोनशे कनेक्शन एकदम थांबतात, तेव्हा तेवढं जपा. झोप घ्यायचीच असेल तर असिंकआयओ.स्लीप, आणि तीही अवेट लावून.

स्वतः व्हाइल लूप लिहून तुकडे जोडता येतात का? येतात, आणि एकदा शिकण्यासाठी जरूर लिहा: उरलेले किती ते मोजायचं, तेवढेच मागायचे, रिकामं आलं तर थांबायचं. पण कामाच्या कोडमधे ठेवू नका, कारण ते "रिकामं आलं तर" विसरलं की लूप कायमचा फिरत बसतो आणि सीपीयू १०० टक्क्यांवर जातो. हे मी तीन वेगवेगळ्या लोकांच्या कोडमधे बघितलंय.

अजून एक, एका रीडरवर एकच वाचणारा. दोन टास्क एकाच रीडरवर अवेट करायला लागले तर पायथन सरळ रनटाइम एरर देतो की दुसरी कोरूटीन (अवेट करू शकणारं फंक्शन) आधीच डेटाची वाट बघतेय. तो एरर लॉकने झाकायचा प्रयत्न करू नका, एकच टास्क वाचायला ठेवा आणि त्याने वाचलेल्या नोंदी क्यूमधे टाकाव्यात.

पायरी ५: धार मधेच तुटली तर

नवीन लोक इथेच थांबतात आणि माझ्या मते खरं काम इथून सुरू होतं. २४ पुरे व्हायच्या आत समोरच्याने कनेक्शन बंद केलं तर रीडएक्झॅक्टली इनकम्प्लीट-रीड-एरर फेकतं. त्याच्यासोबत दोन गोष्टी मिळतात: पार्शल, म्हणजे तोवर आलेले बाइट, आणि एक्स्पेक्टेड, म्हणजे किती हवे होते.

हा पार्शल नक्की बघा, कारण त्यात दोन अगदी वेगळ्या बातम्या असतात. पार्शल रिकामा असेल तर समोरचा नोंद पूर्ण करून, हद्दीवर थांबून, व्यवस्थित गेलाय, त्यात काही बिघडलेलं नाही, लूपमधून बाहेर पडा आणि रायटर बंद करा. पार्शलमधे काही असेल तर नोंद अर्धवट तुटलीये, ती लॉगमधे वॉर्निंग म्हणून जाऊदे, बाइटच्या संख्येसकट. दोन्हीला एकाच एक्सेप्टमधे टाकून पास लिहिलं की पुढे महिनाभर कुणाला पत्ता लागत नाही की रोज पाच नोंदी तुटतायत.

ह्याशिवाय समोरून कनेक्शन अचानक तोडलं गेलं तर कनेक्शन-रिसेट-एरर येऊ शकतो, तो वेगळा पकडा.

अर्धवट तुकडा पुढच्या कनेक्शनला जोडायचा मोह होतो, तो करू नका. नवीन कनेक्शन म्हणजे नवी धार, ती नोंदीच्या सुरुवातीपासूनच सुरू व्हायला पाहिजे. तुटलेली नोंद परत हवी असेल तर सर्व्हरने प्रत्येक नोंदीची पोच द्यायची आणि पोच न मिळालेल्या नोंदी गेटवेने पुन्हा पाठवायच्या, हे दोघांनी आधी ठरवलेलं असलं पाहिजे.

पायरी ६: किती वेळ थांबायचं

रीडएक्झॅक्टली आपणहून कंटाळत नाही. समोरच्याची वीज गेली, केबल तुटली, तर बंद झाल्याचा निरोपही येत नाही आणि तुमची कोरूटीन तशीच ताटकळत राहते. म्हणून टाइमआउट पाहिजेच. ३.११ पासून असिंक विथ असिंकआयओ.टाइमआउट(३०) असं लिहिता येतं, त्याच्या आधीच्या आवृत्तीत वेट-फॉर.

पण टाइमआउट किती? नोंद मिनिटाला येणार, मग ३० सेकंद ठेवले तर चांगलं कनेक्शन पण तोडाल, आणि पाच मिनिटं ठेवले तर अर्ध्या नोंदीवर अडकलेलं कनेक्शन पाच मिनिटं लटकेल. मी दोन तुकडे करतो:

असिंक विथ असिंकआयओ.टाइमआउट(१८०):
    पहिला = अवेट रीडर.रीडएक्झॅक्टली(१)
असिंक विथ असिंकआयओ.टाइमआउट(१०):
    बाकी = अवेट रीडर.रीडएक्झॅक्टली(२३)

पहिल्या बाइटसाठी निवांत थांबायचं, कारण समोरच्याकडे सांगण्यासारखं काही नसेल. पण एकदा बोलायला लागला की उरलेले २३ दहा सेकंदात आलेच पाहिजेत. मग पहिला अधिक बाकी, झाली नोंद. हे जवळपास प्रत्येक कामात उपयोगी पडलंय.

टाइमआउट झाल्यावर पायथनमधे आधी आलेले बाइट हरवत नाहीत, ते रीडरच्या बफरमधेच राहतात, कारण पुरते जमल्याशिवाय रीडएक्झॅक्टली ते उचलतच नाही. पण ही सवय घेऊन रस्टला जाऊ नका. टोकिओ ह्या रस्टच्या असिंक लायब्ररीचं रीड_एक्झॅक्ट मधेच रद्द झालं तर वाचलेले काही बाइट गेलेले असू शकतात, सिलेक्टमधे (जे काम आधी होईल ते घेऊन बाकीची रद्द करणाऱ्या) ते वापरणं म्हणजे पायरी ३ चाच अपघात नव्याने ओढवून घेणं. मी तर पायथनमधेही टाइमआउट झाला की कनेक्शन बंदच करतो, नव्याने जोडू दे, धार सुरुवातीपासून स्वच्छ मिळते.

पायरी ७: बाइट उलगडताना

बाइटमधून आकडे काढून देणाऱ्या स्ट्रक्ट मॉड्यूलला फॉरमॅट देताना सुरुवातीला मोठेपणाचं चिन्ह (>) टाका. त्याचा अर्थ बिग एंडियन, मोठा बाइट आधी, नेटवर्कवरची रूढ पद्धत, आणि मधे भरतीचे बाइट नाहीत. हे चिन्ह विसरलं की पायथन तुमच्या मशीनचा क्रम आणि मशीनची अलाइनमेंट (आकडे ठरावीक जागी बसावेत म्हणून मधे भरतीचे बाइट घालणं) धरतो. एक बाइट आणि त्यामागे चार बाइटचा पूर्णांक, ह्याची बेरीज तुम्ही ५ धरता, पण नेहमीच्या पीसीवर चिन्हाशिवाय कॅल्कसाइझ (स्ट्रक्टचं आकार मोजायचं फंक्शन) ८ सांगतं. आणि क्रम उलटा झाला तर २४ हा आकडा ४०,२६,५३,१८४ असा वाचला जातो. म्हणून हातात २४ लिहिण्यापेक्षा आकार कॅल्कसाइझकडूनच घ्या आणि तोच रीडएक्झॅक्टलीला द्या, उद्या फॉरमॅट बदलला तर दोन्हीकडे बदलायची आठवण ठेवायला नको.

उलगडल्यावर लगेच खूण तपासा, मग सीआरसी. खूण जुळली नाही तर एक बाइट पुढे सरकून बघू, दोन सरकून बघू, असे खेळ टीसीपीवर करू नका. टीसीपीवर खूण चुकली म्हणजे तुमच्या किंवा समोरच्याच्या कोडमधे बग आहे, ते चोवीसच्या चोवीस बाइट हेक्समधे लॉग करा आणि कनेक्शन तोडा. (सिरियल केबलवर गोष्ट वेगळी, तिथे बाइट खरंच गळतात आणि खूण शोधत पुढे जावंच लागतं.)

पायरी ८: आकार ठरलेला नसेल तर

तरी सुरुवात ठरलेल्या आकारापासूनच होते. आधी ४ बाइट वाचायचे, त्यात पुढच्या मजकुराची लांबी, मग तेवढे बाइट वाचायचे. दोनदा रीडएक्झॅक्टली, बस.

इथे एकच काळजी घ्या, पण ती मनापासून घ्या. आलेल्या लांबीवर विश्वास ठेवू नका. तुमचा पोर्ट बाहेर उघडा असला की कुणीतरी ब्राउझर किंवा स्कॅनर त्यावर येऊन एचटीटीपी बोलणारच, आणि त्याची सुरुवात होते "गेट" ह्या इंग्रजी शब्दाची तीन अक्षरं आणि एक स्पेस अशी. हे चार बाइट बिग एंडियन लांबी म्हणून वाचले की होतात १,१९,५७,२५,८५६. म्हणजे तुमचा सर्व्हर एक अब्जाहून जास्त बाइटची वाट बघत बसतो आणि येईल ते मेमरीत साठवत जातो. तेव्हा लांबी वाचल्यावर पहिली ओळ ही की लांबी कमाल मर्यादेपेक्षा जास्त असेल तर तोडा. तुमचा मोठ्यात मोठा मेसेज १० केबीचा असेल तर मर्यादा १६ केबी ठेवा, उगाच १० एमबी नको.

स्ट्रीमरीडरची जी ६४ केबीची लिमिट असते ती तुम्हाला इथे वाचवेल असं समजू नका. ती रीडलाइन आणि रीडअंटिलला अडवते, रीडएक्झॅक्टलीला नाही.

पायरी ९: ऑफिसातच तुकडे पाडून बघा

नेटवर्क न लावता टेस्ट करता येते. असिंकआयओ.स्ट्रीमरीडर चालू कोरूटीनच्या आत स्वतः तयार करा आणि फीड_डेटा ने त्यात बाइट घाला. तीन टेस्ट तरी पाहिजेत. एक, वाचणारी टास्क आधी सुरू करा, मग दोन नोंदींचे ४८ बाइट एकेक करून घाला, प्रत्येक बाइटनंतर असिंकआयओ.स्लीप(०) अवेट करून तिला वाचू द्या, आणि नेमक्या दोन नोंदी निघतात का बघा. दोन, ३२ बाइट घाला, एक नोंद वाचा, दुसरी वाचणारी टास्क सुरू करा, असिंकआयओ.स्लीप(०) अवेट करा आणि त्यानंतरच उरलेले १६ घाला, हा आमचाच अपघात आहे. तीन, २० बाइट घालून फीड_ईओएफ करा (ईओएफ म्हणजे धार संपल्याची खूण) आणि एररच्या पार्शलची लांबी २० येते का तपासा. ह्या तिन्ही टेस्ट जुन्या रीड(२४) वाल्या कोडवर आधी चालवा, तीनही पडलेल्या स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मग शब्द बदला.

दुसऱ्या भाषेत काम करत असाल तर नाव वेगळं आहे, वस्तू तीच. गो मधे आयओ.रीडफुल, आणि तिथे काहीच न येता संपलं तर ईओएफ, मधे तुटलं तर अनएक्स्पेक्टेड ईओएफ, म्हणजे पार्शलचा फरक त्यांनी दोन एररमधेच करून दिलाय, मला ते फार आवडतं. डॉटनेटमधे ७ व्या आवृत्तीपासून रीडएक्झॅक्टलीअसिंक आहे. जावात डेटाइनपुटस्ट्रीमचं रीडफुली आहे पण ते थ्रेड अडवतं. नोडमधे रीड(२४) उलट वागतं, २४ जमले नसतील तर नल देतं, पण स्ट्रीम संपल्यावर उरलेले असतील तेवढे देतं, म्हणून तिथे लांबी तपासावीच लागते.

आज तुमच्या प्रोजेक्टमधे रीडर.रीड एवढंच शोधा. जिथे कंसात आकडा आहे आणि पुढच्या दोन ओळींत अनपॅक आहे, तिथून सुरुवात करा.